कपडे भाड्याने की विकत? दोन बहिणींच्या एका वर्षाचा हिशेब

पार्श्वभूमी

एकाच घरात राहणाऱ्या दोन बहिणींचं हे प्रकरण आहे. ओळख कळू नये म्हणून त्यांना थोरली आणि धाकटी एवढंच म्हटलं आहे आणि नोकरीचे तपशील थोडे बदलले आहेत. थोरली हिशेबाच्या कामात आहे आणि दिवसभर टेबलाशी बसून असते. धाकटीने नुकतीच नवी नोकरी धरली होती. तिथे रोज बाहेरच्या लोकांच्या भेटी, बैठका आणि मधूनच संध्याकाळचा एखादा कार्यक्रम असायचा. घरखर्च सामाईक होता आणि थोरली तो वहीत लिहून ठेवायची. ती वही नसती तर हे प्रकरण लिहिण्यासारखं काही उरलं नसतं, कारण कपड्यांवर किती खर्च होतो याबद्दल माणसाची आठवण फार सोयीस्कर असते.

रकमा मुद्दामच दिलेल्या नाहीत. एका पोशाखाची खरेदीची किंमत 100 धरून बाकीचे खर्च त्या प्रमाणात, गोल करून मांडले आहेत. वाचणाऱ्याने त्यांच्या जागी आपले आकडे घालून बघावेत.

अडचण

वर्षअखेरीला थोरलीच्या लक्षात आलं की दोघींनी मिळून जेवढी बचत केली, त्याहून जास्त पैसे कपड्यांवर गेले होते. तिचा संशय धाकटीवर होता, कारण येताजाता काहीतरी घेऊन येण्याची सवय तिला होती. धाकटीने तो मान्य केला नाही. मग दोघींनी एक साधी युक्ती केली. कपाटातले सगळे हँगर उलटे टांगायचे आणि कपडा घालून, धुऊन परत ठेवताना त्याचा हँगर सुलटा करायचा.

काही महिन्यांनी कपाट उघडून पाहिलं तर निकाल दोघींच्याही अंदाजाबाहेरचा होता. धाकटीने येताजाता घेतलेले स्वस्त कपडे बहुतेक सुलट्या हँगरवर होते, म्हणजे ते वापरात होते. उलटे राहिले होते ते समारंभाचे कपडे. ते सगळ्यात महाग होते आणि त्यांतले निम्मे थोरलीचे होते.

खरेदीच्या तारखा वहीत होत्याच. जवळपास प्रत्येक महाग कपडा कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात, घाईत घेतलेला होता. तो पुन्हा का घातला नाही, याचीही कारणं निघाली. कार्यक्रमांना माणसं तीच असतात आणि फोटो सगळ्यांकडे असतात. एक पोशाख आता दंडात बसत नव्हता. दुसरा प्रत्येक वेळी ड्रायक्लीनिंगला द्यावा लागतो म्हणून मागे पडला होता. ‘ताई, हा तू एकदाच घातलास’ हे वाक्य त्या दुपारी बऱ्याचदा ऐकू आलं.

अडचण त्यामुळे बदलली. ‘धाकटी फार खर्च करते’ हा प्रश्न उरला नाही. एका संध्याकाळसाठी आपण वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू विकत घेतो, हा खरा प्रश्न होता. पुढच्या वर्षी निदान चार मोठे कार्यक्रम ठरलेले होते: दोन लग्नं, धाकटीच्या कार्यालयाचा वार्षिक समारंभ आणि नात्यातला एक वाढदिवस.

कोणते पर्याय होते

आहेत तेच कपडे दुरुस्त करून घालणं सर्वात स्वस्त होतं. दंडात घट्ट झालेला पोशाख शिवणीत कापड शिल्लक असेल तर उसवून वाढवता येतो. शिंप्याने पाहिलं तेव्हा तीन कपड्यांपैकी दोहोंत जागा निघाली. तेवढं काम लगेच करून घेतलं.

एकमेकींचे कपडे घालणं कागदावर छान दिसत होतं. पण दोघींच्या उंचीत बराच फरक होता. शिवाय धाकटीला बहिणीचे कपडे घालून लहानपण काढल्याचा राग अजून होता. हा पर्याय फार ताणला नाही. मैत्रिणीकडून मागून आणण्याची सूचना मात्र थोरलीने साफ नाकारली. कपडा खराब झाला तर दुकानाचे पैसे भरून मोकळं होता येतं, मैत्रिणीच्या बाबतीत तसं होत नाही, असं तिचं म्हणणं होतं. ते मला पटतं.

वापरलेला कपडा विकत घेऊन नंतर विकायचा, हा पर्याय पैशाच्या दृष्टीने भाड्याच्या बरोबरीचा ठरू शकतो. पण त्यासाठी विकण्याची चिकाटी लागते. फोटो काढा, घासाघीस करा, पाठवा. जुने पोशाखच विकायचे राहिले होते, तेव्हा नवे विकले जातील यावर दोघींचाही विश्वास नव्हता.

उरले भाड्याचे दोन प्रकार. एक म्हणजे प्रसंगापुरता कपडा भाड्याने घेणं. दुसरा म्हणजे दरमहा वर्गणी भरून ठरावीक कपडे घरी मागवायचे, वापरायचे, परत करायचे आणि नवे घ्यायचे. दोन्हींना भाडंच म्हणतात, पण त्यांचा हिशेब अगदी वेगळा निघतो. या प्रकरणातला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

थोरलीचा तक्ता

थोरलीने एका समारंभाच्या पोशाखाचा हिशेब मांडला. विकत घेतला तर 100, प्रत्येक वापरानंतर ड्रायक्लीनिंगचे 5, आणि कधीतरी विकला तर परत येणारे 20. भाड्याने घेतला तर भाडं 18 आणि पोहोचवणं धरून आणखी 4, म्हणजे दर वेळी 22. स्वच्छता भाड्यातच होती.

चार वेळा घातला तर भाडं होतं 88 आणि खरेदी, ड्रायक्लीनिंगचे 20 धरून आणि विकून येणारे 20 वजा करून, पडते 100. पाचव्या वेळी भाडं 110 होतं, खरेदी 105. म्हणजे चार वापरांपर्यंत भाडं स्वस्त, पाचव्यापासून खरेदी. आता जुना कपडा विकून येणारे 20 हिशेबात धरूच नका, कारण ते येणार नाहीत हे कपाटाने सिद्ध केलंच होतं. तरी सीमारेषा एकाच वापराने सरकते: पाच वेळा घातला तर भाडं 110 आणि खरेदी 125, सहाव्या वेळी भाडं 132 आणि खरेदी 130.

किमतीवरून जी वादावादी चालली होती ती इथे थांबली. भाडं थोडं कमीजास्त असलं तरी निर्णय फिरत नव्हता. तो फिरत होता ‘किती वेळा घालणार’ या एका आकड्यावर, आणि त्या आकड्याबद्दल प्रत्येकजण खरेदीच्या वेळी आशावादी असतो. थोरलीने त्यावर एक नियम केला. पुढे किती वेळा घालेन हा अंदाज लिहायचाच नाही. त्या जातीचा मागचा कपडा खरोखर किती वेळा घातला, तो आकडा घ्यायचा.

तक्त्यात एक गोष्ट सुटली होती, अनामत. दुकान पोशाखामागे साधारण 40 ठेवून घेत होतं. परत मिळणारी रक्कम म्हणून थोरलीने ती खर्चात धरली नाही, आणि ते बरोबरच होतं. पण दोन लग्नं एकाच आठवड्यात आली. दोघींचे मिळून तीन पोशाख लागले तेव्हा अनामतीतच 120 अडकले, म्हणजे एका नव्या पोशाखाच्या किमतीहून जास्त, आणि तेही परत यायला दिवस लागले. ज्यांच्या हाती महिनाअखेर फारसं काही उरत नाही त्यांना खर्च कमी असूनही भाडं परवडत नाही, ते या कारणाने. पुढच्या वेळी त्यांनी अनामत किती आणि किती दिवसांत परत, हे भाड्याच्याही आधी विचारलं.

पहिला निर्णय: समारंभाचे कपडे भाड्याने

निर्णय सोपा होता, अंमलबजावणी नव्हती.

पहिली गोष्ट मापांची. ‘मध्यम’ किंवा ‘मोठा’ या शब्दांना दुकानादुकानांत वेगळा अर्थ असतो. थोरलीने घरातला नीट बसणारा एक पोशाख सपाट पसरून त्याची छाती, कंबर, खांदा आणि उंची मोजली आणि दुकानाकडे भाड्याच्या कपड्याची तीच मापं मागितली. अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांत हालचालीसाठी सोडलेली जागा असते, त्यामुळे कपड्याशी कपडाच ताडून पाहणं जास्त खात्रीचं. धाकटीने हे न करता नेहमीचा आकार सांगितला आणि तिचा पोशाख खांद्यात सैल निघाला. तो बदलून मिळाला, कारण कपडा कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मागवला होता. एक दिवस आधी मागवला असता तर तिने घाईत दुसरा विकत घेतला असता, आणि सगळा हिशेब तिथेच कोसळला असता. दोन दिवसांचं जादा भाडं तिला जड वाटत होतं. मला ते या सगळ्या व्यवहारातलं सर्वात चांगलं खर्चलेलं वाटतं.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. लांबी जास्त असेल तर भाड्याच्या कपड्याला हाताने कच्चा टाका घालता येतो, तोही विचारून. कापायचं नाही, मशीन मारायचं नाही, आणि इस्त्रीने चिकटणारी पट्टी तर लावायचीच नाही, कारण तिचा गोंद कापडावर राहतो.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट अटींची. ‘नेहमीची झीज’ आणि ‘नुकसान’ यांतली रेषा कुठे आहे? सुटलेलं बटण कशात येतं? उशीर झाला तर दिवसाला किती? कपडा पूर्ण खराब झाला तर भरायची रक्कम नव्या कपड्याची की वापरलेल्याची? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पावतीवर नव्हतं. थोरलीने ते लिहून मागितलं.

ते पुढे कामी आलं. एका पोशाखाच्या अस्तराला काखेजवळ पिवळसर डाग होता. कपडा हातात येताच तिने तो उजेडात उलटासुलटा करून पाहिला होता, फोटो काढला होता आणि त्याच दिवशी दुकानाला पाठवला होता. परत करताना काउंटरवरच्या माणसाने तोच डाग दाखवून अनामतीतून कपात सांगितली. फोटो आणि त्याची तारीख दाखवल्यावर विषय संपला. फोटो कार्यक्रमानंतर काढला असता तर त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या लग्नात धाकटीच्या पोशाखावर खरोखरच काहीतरी सांडलं. घरी आल्यावर तिने गरम पाणी आणि साबण काढला होता. थोरलीने थांबवलं. चुकीच्या उपायाने डाग पक्का बसतो. दुधाअंड्यासारख्या प्रथिनांचा डाग तर गरम पाण्याने कापडाला आणखी धरून बसतो. कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, आणि परत देताना डाग कशाचा ते सरळ सांगायचं. ड्रायक्लीनिंग करणाऱ्याला तेवढी माहिती पुरेशी असते. लपवलेला डाग इस्त्रीखाली गेला की पिवळा पडतो आणि मग तो ‘नुकसान’ या रकान्यात जातो. इथे तो ‘नेहमीची झीज’ धरला गेला.

स्वच्छतेबद्दल दोघींना धास्ती होती, आणि ती अगदीच निराधार नाही. आलेली पिशवी दोघी पलंगावर न उघडता बाहेर उघडायच्या आणि ढेकणांसाठी शिवणी व घड्या पाहायच्या. ड्रायक्लीनिंगचा वास येत असेल तर प्लॅस्टिक काढून कपडा हवेशीर जागी टांगायच्या. बऱ्याच ठिकाणी अजून परक्लोरोइथिलीन नावाचं द्रावण वापरतात आणि त्याचा अंश कपड्यात राहतो. अंगाला लागून घालायचं ते मात्र स्वतःचं.

दुसरा निर्णय: कामाच्या कपड्यांसाठी वर्गणी

समारंभांत पैसे वाचले म्हटल्यावर धाकटीने मासिक वर्गणी घेतली. रोज कामावर जायचं, लोक भेटतात, दर महिन्याला नवे कपडे मिळतात, मग विकत कशाला घ्यायचे? तर्क वरवर पाहता तोच होता. थोरलीने हरकत घेतली नाही. तिच्या शब्दांत, ‘तक्ता माझाच होता, त्याला नाही कशी म्हणणार?’

पण तो तक्ता इथे लागूच नव्हता. त्याने सांगितलं होतं ते कमी वेळा घालायच्या महाग कपड्यांबद्दल. कामाचा साधा काळा पायजमा किंवा सदरा आठवड्यातून एकदा घातला तरी वर्षात पन्नासच्या आसपास वापर होतात, तो घरी धुता येतो, आणि त्याची किंमत समारंभाच्या पोशाखाच्या काही अंशच असते. प्रत्येक वापरामागे पडणारा खर्च नगण्य. तिथे भाडं जिंकणं जवळजवळ अशक्य आहे.

वहीत हे लगेच दिसलं नाही, कारण वर्गणीची ओळ लहान होती. वाढल्या त्या तिच्या आजूबाजूच्या ओळी. नवा रंग आला की त्याला जुळणारी चप्पल, पिशवी, कानातलं. ‘आवडला तर सवलतीत ठेवून घ्या’ म्हणून आलेला एक कोट तिने ठेवूनही घेतला. सुट्टीच्या महिन्यात कपडे पिशवीतून बाहेर निघाले नाहीत, वर्गणी मात्र गेली. भाड्याचे कपडे खरेदीच्या जागी येण्याऐवजी खरेदीच्या शेजारी येऊन बसले.

थोरलीने तिला एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या प्रकरणातली खरी कलाटणी तिथे आहे: ‘हे भाड्याने मिळालं नसतं, तर तू हे विकत घेतलं असतंस का?’ त्या महिन्यात आलेल्या कपड्यांपैकी एकालाही उत्तर ‘हो’ नव्हतं.

तरी वर्गणी लगेच बंद झाली नाही. ‘या महिन्याचे पैसे भरलेत ना ताई, मग वापरून घेते.’ भरलेले पैसे वसूल करण्याच्या नादात पुढचा महिना सुरू झाला आणि हप्ता आपोआप कापला गेला. रद्द करण्याची मुदत हप्त्याच्या काही दिवस आधी संपत होती, हे अटींत होतं. पण समारंभाच्या वेळी अटी वाचणाऱ्या बहिणीने या वेळी त्या वाचल्या नव्हत्या आणि धाकटीनेही नाही. पुढच्या मुदतीच्या आत मात्र रद्द केली.

अशा योजना चालवणं कंपन्यांनाही सोपं गेलेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये 2009 साली सुरू झालेल्या ‘रेंट द रनवे’ने 2016 मध्ये अमर्याद अदलाबदलीची वर्गणी आणली आणि 2020 मध्ये ती बंद करून ठरावीक संख्येच्या योजनांवर आली. प्रत्येक अदलाबदलीमागे धुणं, इस्त्री, तपासणी आणि दोन वेळची वाहतूक असते, आणि तो खर्च कुणाला तरी उचलावाच लागतो.

भाड्याने घेतलं तर पर्यावरणाची हानी कमी होते, असा मुद्दाही धाकटीने मांडला होता. त्याला आधार आहे तसा विरोधही आहे. फिनलंडमधल्या संशोधकांनी 2021 मध्ये जीन्सच्या वापराचे वेगवेगळे मार्ग तपासले, तेव्हा हवामानावरच्या परिणामात भाड्याचा मार्ग सर्वात वाईट निघाला, मुख्यतः ने-आणीच्या फेऱ्यांमुळे. वाहतूक कमी प्रदूषणाची असेल तर चित्र बदलतं. पैशाच्या निर्णयाला या मुद्द्याचा टेकू न देणंच बरं.

परिणाम

मागच्या वर्षीचा कपड्यांवरचा एकूण खर्च 100 धरला तर या वर्षी तो 77 झाला. त्यात स्वतःचे कामाचे कपडे 28, समारंभांचं भाडं 19, वर्गणी 17, वर्गणीच्या नादाने घेतलेल्या जोडवस्तू आणि तो कोट 9, शिंप्याचे 4.

दोन्ही बहिणी याला ‘भाड्याने वाचलेले 23’ म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. आदल्या वर्षी कार्यक्रम कमी होते, त्यामुळे तुलना भाड्याला थोडा अन्यायच करते. उलट नुसती वही लिहिल्यानेही खर्च आटोक्यात येतो, त्याचं श्रेय भाड्याला देता येत नाही. खात्रीने सांगता येतं ते एवढंच की समारंभांच्या 19 मध्ये जे कार्यक्रम पार पडले, ते आधीच्या पद्धतीने पार पाडले असते तर त्याच्या तिपटीहून जास्त गेले असते. आणि वर्गणी व तिच्या पाठोपाठ आलेल्या वस्तू मिळून 26 गेले, ते बहुतेक टाळता आले असते.

पैशापलीकडचा एक बदल धाकटीने सांगितला. कार्यक्रमाच्या आधीची घाईची खरेदी बंद झाली, पण तिच्या जागी परत करण्याची घाई आली. दुसऱ्या दिवशी थकवा असताना कपडा पिशवीत भरून पाठवायचाच. ज्यांच्या घराजवळ सोय नाही किंवा ज्यांचा वेळ आपल्या हातात नाही, त्यांनी हे श्रम हिशेबात धरावेत.

वेगळं काय करता आलं असतं

वर्गणी एका महिन्याच्या चाचणीपुरती घेऊन, सुरू करतानाच रद्द करण्याची तारीख दिनदर्शिकेत लिहायला हवी होती. त्या महिन्यात जोडवस्तूंची ओळ वहीत वेगळी ठेवली असती तर खरा खर्च पहिल्याच महिन्यात दिसला असता.

दोन लग्नांच्या आठवड्यात तीनऐवजी दोन पोशाख चालले असते. दोन्हीकडची पाहुणेमंडळी वेगळी होती. थोरलीने एकच पोशाख दोन्हीकडे घालण्यासाठी जास्त दिवसांचं भाडं विचारायला हवं होतं. बहुतेक दुकानांत जादा दिवसाचा दर नव्या भाड्याहून कमी असतो. ‘तोच पुन्हा कसा घालायचा’ ही सवय अशी की कपडा भाड्याचा असला तरी सुटत नाही.

जुने पडून असलेले समारंभाचे कपडे अजून कपाटातच आहेत. ते विकायला आधी काढले असते तर वर्षाच्या सुरुवातीच्या अनामतीचा भार हलका झाला असता. त्यांची किंमत दरवर्षी उतरते आहे, आणि याबद्दल दोघीही बोलायला फारशा उत्सुक नाहीत.

एक प्रश्न अजून लोंबकळत आहे. कार्यालयीन समारंभासाठी भाड्याने घेतलेला काळा लांब कोट थोरलीने नंतर आणखी दोनदा भाड्याने आणला, तोच आणि त्याच दुकानातून. दुकानाने तो आता 45 ला विकत देऊ केला आहे. आजवर दिलेलं तीन वेळचं भाडं या हिशेबात येत नाही, ते गेलं. पुढच्या वर्षी दोन प्रसंग नक्की आहेत. भाड्याने 44 लागतील, विकत घेतला तर ड्रायक्लीनिंग धरून 55. तिसरा प्रसंग आला तर भाडं 66 आणि खरेदी 60. धाकटी म्हणते घेऊन टाक. थोरलीने तिसऱ्या कार्यक्रमाची तारीख पक्की होईपर्यंत थांबायचं ठरवलं आहे आणि दुकानाला तसं कळवलंही आहे. तोवर दुसऱ्या कुणी तो नेला, तर पुन्हा शोधाशोध करायला ती तयार आहे.